मराठीतला क्षार आणि हिंदीतला क्षार : आम्ल, आम्लारी, अल्क

प्रश्न (लातूर) :
पुतणी दहावीला आहे, मराठी माध्यम. पुस्तकात आहे ‘आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी’. संध्याकाळी ती मोबाईलवर हिंदीतून शिकवणाऱ्या सरांचे व्हिडिओ बघते. तिथं तेच समीकरण ‘अम्ल + क्षार → लवण + जल’ असं येतं. चाचणीत तिनं ‘सोडियम हायड्रॉक्साइड हा क्षार आहे’ असं लिहिलं आणि गुण गेला. लेकरू रडकुंडीला आलं. क्षार बाणाच्या डावीकडं की उजवीकडं? आणि अल्क म्हणजे आम्लारीच ना?

उत्तर (नांदेड) :
मराठीत उजवीकडं. हिंदीतला क्षार म्हणजे आपला अल्क किंवा आम्लारी, आणि आपल्या क्षाराला ते लवण म्हणतात. पेपर मराठीत असेल तर पुस्तकातलाच शब्द लिहायचा.

उत्तर (परभणी) :
ताई, पुतणीला रागावू नका. तिनं लिहिलेला अर्थ जुना आहे, चुकीचा नाही. सुश्रुतसंहितेत क्षार करायची रीत दिली आहे: वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं. जास्त तीव्र हवा असेल तर त्यात भाजलेली चुनखडी, शिंपले घालायचे. हा क्षार कातडी जाळतो, म्हणजे आजच्या भाषेत अल्कच. अरबीतला ‘अल-कली’ हा शब्दसुद्धा राखेवरूनच आला. हिंदीनं संस्कृतातला अर्थ तसाच ठेवला.

मराठीत मात्र ‘खार’ या शब्दानं फार पसारा मांडला. पापडखार आहे, सज्जीखार आहे, खारे दाणे आहेत, बोअरचं खारं पाणी आहे आणि लोणच्याचा खारही आहे. लोणच्याचा खार तर आंबट! आपल्या कानाला खार म्हणजे आधी मिठाची चव. म्हणून सॉल्टला क्षार म्हणणं मराठीत सहज रुळलं असावं, असं मला वाटतं. आणि लवण म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला खोलगट रान आठवतं.

खरा घोळ पापडखारात आहे. त्यातलं सोडियम कार्बोनेट हे सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनिक आम्ल यांच्यापासूनचा क्षार. म्हणजे मराठी पुस्तकाप्रमाणे क्षारच. पण त्याचं पाणी अल्कधर्मी, म्हणून हिंदीवालाही त्याला क्षारीय म्हणेल. एकाच पुडीत दोन्ही अर्थ!

आता तुमचा दुसरा प्रश्न. आम्लारी हा शब्द मला फार आवडतो: आम्ल + अरी, आम्लाचा शत्रू. व्याख्या नावातच आहे. जो आम्लाला उदासीन करून क्षार आणि पाणी देतो तो आम्लारी. त्यातले जे पाण्यात चांगले विरघळतात ते अल्क. म्हणजे प्रत्येक अल्क आम्लारी असतो, पण प्रत्येक आम्लारी अल्क नसतो. घरात तांब्याची जुनी घागर असेल तर मुलीला दाखवा. वर जो काळपट थर चढतो त्यात कॉपर ऑक्साइड असतं. पाण्यानं कितीही धुवा, जात नाही. चिंचेचा कोळ चोळला की घागर लख्ख! चिंचेतलं टार्टारिक आम्ल त्या ऑक्साइडला भिडतं, तांब्याचा क्षार होतो आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्क नाही. माझ्या वर्गात दहा व्याख्यांनी जे झालं नाही ते या घागरीनं झालं.

उत्तर (हिंगोली) :
सर, चिंच तुमची तर हळद आमची. वसमतची हळद. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावा, वाळवा, पट्ट्या कापा. पट्टीवर चुन्याची निवळी पडली की लाल, पापडखाराचं पाणी पडलं तरी लाल. मिठाचं पाणी टाकलं तर पिवळी ती पिवळीच. मीठ आणि पापडखार, दोघंही आपल्या बोलीत ‘खार’, पण पट्टी दोघांना वेगळं काढते. आम्ल आणि मीठ यांतला फरक मात्र हळद सांगत नाही, त्याला लिटमस लागतो.

उत्तर (जालना) :
शेतकऱ्याला या शब्दाचा फटका बसतो म्हणून लिहितो. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) वेगळा आणि क्षारता वेगळी. क्षारता म्हणजे विरघळलेले क्षार, ती विद्युत वाहकतेवरून काढतात. सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं, अशी जमीन चोपण: ओली असताना चिकट, वाळली की दगड. तिला जिप्सम लागतं. क्षारपड जमिनीला आधी चर काढून निचरा करावा लागतो, मग गोड्या पाण्यानं क्षार धुवायचे. हिंदीत ‘क्षारीय भूमि’ म्हणजे आपली चोपण, आणि ‘लवणीय’ म्हणजे आपली क्षारपड. मी हिंदी माहितीवरून क्षारीयचा अर्थ क्षारपड लावला आणि माझ्या क्षारपड रानात निचरा न करता जिप्सम टाकलं. पैसे गेले, रान होतं तसंच राहिलं. शेतीच्या मराठी पुस्तकांत अल्कधर्मी जमिनीला ‘विम्ल’ असाही शब्द आहे. तो वापरात यावा, म्हणजे असा गोंधळ होणार नाही.

उत्तर (परभणी) :
दादा, विम्ल चांगला आठवला. आणि तुम्ही टाकलेलं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, तेही मराठी पुस्तकात क्षारच. चोपण सुधारायला क्षारच कामाला येतो. मी हे उदाहरण आता वर्गात घेणार.

आम्लाला मात्र आपल्या रानातच शब्द आहे. थंडीत हरभऱ्यावर रात्री फडकं अंथरून पहाटे पिळतात ती ‘आंब’. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. आंब, आंबट, आंबील, आंबवणे, सगळी अम्लाचीच लेकरं.

प्रश्नकर्ती (लातूर) :
सगळ्यांचे आभार. चुन्याची निवळी आणि हळदीचा कागद आत्ताच करून बघितला, कुंकवासारखा लाल झाला. पुतणीनं वहीत दोन रकाने आखलेत, मराठी आणि हिंदी. क्षारासमोर मराठीत ‘मीठ, तुरटी, जिप्सम’ लिहिलं, हिंदीत ‘चुना, कॉस्टिक सोडा’. पापडखार कुठं लिहू म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, मधल्या रेघेवर लिही.