६९१ विजय म्हणजे सर्वश्रेष्ठ गोली? अजिबात मान्य नाही

उत्तरध्रुव
आइस हॉकीतला, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमधला, सर्वश्रेष्ठ गोली (गोलरक्षक) कोण या वादात काल सैतानभक्त यांनी न्यू जर्सी डेव्हिल्सच्या मार्टिन ब्रोडरबद्दल लिहिलं: "ब्रोडरचे ६९१ विजय, १२५ शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने), तीन स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद). विषय संपला. बाकीचे आकडे हरलेल्या गोलींच्या चाहत्यांनी शोधून काढलेत." रात्रभर डोक्यात हेच घोळत होतं, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

विजय संघाचा असतो. गोलीच्या नावापुढे तो लिहितात, कारण जाळ्यात एकच जण उभा असतो. कर्टिस जोसेफ ४५४ सामने जिंकला, कप एकही नाही. ख्रिस ऑसगुड ४०१ जिंकला, कप तीन. त्यातला १९९७चा कप त्याने बाकावरून पाहिला, तेव्हा जाळ्यात माइक व्हर्नन होता. मग ऑसगुड जोसेफपेक्षा भारी? हो म्हणायची कुणाची तयारी आहे?

खुद्द लीगला हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं. पूर्वी व्हेझिना ट्रॉफी सगळ्यात कमी गोल खाल्लेल्या संघाच्या गोलींना आपोआप मिळायची. तो गोलीपेक्षा बचावफळीचा सन्मान होतो हे लक्षात आल्यावर १९८१-८२ पासून त्या हिशेबासाठी जेनिंग्स ट्रॉफी वेगळी काढली आणि व्हेझिना जनरल मॅनेजरांच्या मतांवर सोपवली.

आता बफेलोला खेळलेला डॉमिनिक हाशेक बघा. कारकिर्दीचं सेव्ह पर्सेंटेज (आलेल्या शॉटपैकी अडवलेल्यांचं प्रमाण) ०.९२२, ब्रोडरचं ०.९१२. सहा व्हेझिना, आणि १९९७ व १९९८ ला सलग दोनदा हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू. ब्रोडरच्या पुढे स्टीव्हन्स, नीडरमायर, डॅनेको हे बचावपटू आणि तो मध्यभाग गोठवणारा ट्रॅपचा डावपेच. हाशेकच्या पुढे बफेलो. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये शूटआउटला कॅनडाचे पाचही शूटर त्याने परतवले, फायनलला रशियाला एकही गोल दिला नाही. गोली मोजायचा तर त्याच्यावर काय आलं आणि त्यातलं त्याने काय अडवलं, यावर मोजा. स्कोअरबोर्डवर नको.

सैतानभक्त
माझं वाक्य उचललंत ते बरं झालं, पण सोयीचं तेवढंच उत्तर दिलंत.

सेव्ह पर्सेंटेज फक्त आलेला शॉट मोजतं. ब्रोडर शॉट येऊच द्यायचा नाही. समोरच्या संघाने पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कोपऱ्यात भिरकावला की त्यामागे धावणारा त्यांचा फोरचेकर पोचायच्या आत हा जाळ्यामागून बाहेर पडून पास देऊन मोकळा. आक्रमण तिथेच मेलं. त्याचा हिशेब तुमच्या ०.९१२ मध्ये कुठे आहे? उलट त्याचं नुकसानच होतं, कारण असे बिनधोक लांबचे शॉट दुसरे गोली अडवून टक्केवारी फुगवतात.

सलग दहा हंगाम सत्तर किंवा जास्त सामने खेळलाय तो. रोज उभं राहणं ही गुणवत्ता नाही का?

आणि ऑसगुडचा विषय तुम्हीच काढलात. २००८च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत डेट्रॉइटने कुणाला बसवून ऑसगुडला उतरवलं? हाशेकला. कप कुणी आणला? ऑसगुडने.

दशांशचिन्ह
दोघांनाही एक सांगायचंय. मुख्य गोलीवर एका हंगामात साधारण १८०० शॉट येतात. ०.९१० आणि ०.९१५ मधला फरक म्हणजे त्या १८०० मागे ९ गोल. आणि गोली तोच, फॉर्म तोच असला तरी निव्वळ योगायोगाने १२-१३ गोल इकडचे तिकडे होतात. म्हणजे एका हंगामाच्या यादीत तिसरा कोण आणि बारावा कोण हे बऱ्याचदा नशीब ठरवतं.

ब्रायन एलियट २०११-१२ मध्ये ०.९४०, पुढच्याच हंगामात ०.९०७. ओटावाचा अँड्र्यू हॅमंड २०१५ मध्ये २० जिंकला, नियमित वेळेत एकच हरला, सेव्ह पर्सेंटेज ०.९४१. तसा हंगाम त्याला पुन्हा कधीच मिळाला नाही. हे दोघे अचानक देव झाले आणि अचानक विसरले, असं थोडंच असतं?

म्हणून २००८च्या एका प्लेऑफवरून ऑसगुड-हाशेक ठरवणं सोडा. हाशेक तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. कारकीर्द मात्र लांब असते. ब्रोडरवर एकतीस हजारांहून जास्त शॉट आले. एवढ्या शॉटनंतर नशिबाचा वाटा फार राहत नाही, आणि म्हणून त्यांच्यातला तो दहा सहस्रांशाचा फरक मी गंभीरपणे घेतो.

क्रीझवाला
इथे कुणी पॅड बांधलेत का कधी? मी हौशी लीगमध्ये वर्षानुवर्षं जाळ्यात उभा राहतोय, म्हणून बोलतो.

उजव्या सर्कलमधून शॉट येणार म्हणून मी गोलपोस्टला चिकटलेला असतो. शूटर शॉट न मारता पक स्लॉटमधून, म्हणजे जाळ्यासमोरून, आडवा सारतो. मला पोस्टवरून ढकलून क्रीझ (जाळ्यापुढची गोलीची जागा) ओलांडायची असते, गुडघा बर्फाला टेकायच्या आत पक ब्लॉकर हातमोज्याखालून आत. मोजणारा लिहितो: जवळून रिस्ट शॉट, गोल. त्याच जागेवरून, त्याच कोनातून, मी आधीच शूटरकडे सरळ तोंड करून उभा असताना आलेला शॉट मी छातीवर घेतो. कागदावर दोन्ही सारखे. जे अपेक्षित गोलांचे हिशेब आपल्याला बघायला मिळतात, त्यांना अंतर, कोन, शॉटचा प्रकार, रिबाउंड (अडवल्यावर परत उडालेला पक) कळतो. आधीचा आडवा पास आणि समोर उभा राहिलेला धिप्पाड फॉरवर्ड बहुतेकदा कळत नाही.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सामना मी हरलोय. बचावपटू बदलीला गेले की परत यायचेच नाहीत, एकामागून एक एकटे शूटर अंगावर. सामन्यानंतर प्रशिक्षकाने कागद बघितला आणि पुढच्या सामन्याला मला बसवलं. त्या कागदावरचा राग अजून गेलेला नाही. गोली डोळ्यांनी बघायचा असतो: जाळ्यापासून किती पुढे येतो, रिबाउंड कुठे टाकतो, पक दिसत नसताना स्थिर राहतो का.

दशांशचिन्ह
डोळ्यांचं म्हणाल तर १९७२ची कॅनडा-सोव्हिएत मालिका आठवा. कॅनडाचे स्काउट सोव्हिएत गोली त्रेत्याकला बघायला गेले, त्या सामन्यात त्याने आठ गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न होतं. स्काउटांनी परत येऊन सांगितलं की गोली कच्चा आहे. २ सप्टेंबरला माँट्रियलमध्ये निकाल काय लागला? सोव्हिएत ७, कॅनडा ३. अनुभवी डोळे होते ते, तरी एका सामन्यावर विसंबले.

क्रीझवाला
एका सामन्यावर नका विसंबू, हे मीही म्हणतोय. आणि शॉट तरी कोण मोजतं? प्रत्येक रिंकवरची स्थानिक माणसं, डोळ्यांनीच! कुठे हात सैल, कुठे आखडता. पोस्टला लागलेला शॉट मोजत नाहीत, लांबून घरंगळत आलेला मोजतात. तुमचे दशांशही शेवटी कुणाच्या तरी डोळ्यांतूनच आलेत.

उत्तरध्रुव
पक खेळण्याबद्दल. सैतानभक्त, २००५ मध्ये ट्रॅपेझॉइड आला. जाळ्यामागे ती चौकट सोडून गोलीने पक खेळला की दोन मिनिटांची पेनल्टी. ब्रोडरचं मोठं हत्यारच काढून घेतलं म्हणा. मग त्याचं काय झालं? २००६-०७ ला ०.९२२, पुढच्या वर्षी ०.९२०, दोन्ही वर्षी व्हेझिना. हत्यार गेल्यावर आकडे सुधारले, तर त्या हत्याराचं मोल एवढं मोठं कसं?

सैतानभक्त
वा! म्हणजे ज्याच्यामुळे लीगला नियम करावा लागला, त्याचं कौशल्य किरकोळ? किरकोळ गोष्टीसाठी कुणी बर्फावर रेषा ओढत नाही. तो नियम म्हणजे एका माणसाला दिलेली शिक्षा होती आणि वीस वर्षं झाली तरी मी तो माफ केलेला नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही चौकट नाही. गोल वाढावेत म्हणून गोलीचे हात बांधायचे, हा कुठला न्याय?

आणि आकडे सुधारले कारण शॉट वाढले. मी वर हेच तर म्हणालो! हत्यार गेलं, लांबचे शॉट यायला लागले, टक्केवारी चढली. तुमचा पुरावा माझ्या बाजूचा आहे.

माँट्रियलकर
ट्रॅपेझॉइड वाईटच. बचावपटूंना विचारा. कोपऱ्यातला पक काढायला गोली जाऊ शकत नाही, म्हणून पाठ करून त्यांना जावं लागतं आणि मागून फोरचेकर पूर्ण वेगात येऊन काचेवर आपटतो. २०१४ मध्ये रेषा दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट सरकवली, त्याने काय होणार? पुसून टाका ती.

क्रीझवाला
पुसू नका. आम्हा गोलींपैकी निम्म्यांना पक नीट खेळता येत नाही आणि तरी बाहेर जातात. ती रेषा त्यांना स्वतःपासून वाचवते.

सैतानभक्त
ज्यांना येत नाही त्यांनी जाऊ नये! म्हणून ज्याला येतं त्याला अडवायचं?

माँट्रियलकर
आणि या हाशेक-ब्रोडरमध्ये गोली पॅट्रिक रुआला सगळे विसरलात, हे मला सहन होत नाही. कॉन स्माइथ, म्हणजे प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू, तीनदा: १९८६, १९९३, २००१. १९९३ला ओव्हरटाइममध्ये सलग दहा विजय. आज प्रत्येक पोरगा बटरफ्लाय (गुडघे बर्फाला टेकून पाय पसरायची पद्धत) शिकतो तो कुणाला बघून? दशांशचिन्ह म्हणतील, प्लेऑफचे शॉट थोडे. असतील. पण तीन वेगळ्या दशकांत योगायोग एकाच माणसाच्या दारात येतो का?

दशांशचिन्ह
तीन दशकांत येत नाही. रुआबद्दल मी बोललोच नव्हतो, तरी हे मान्य.

उत्तरध्रुव
सैतानभक्त, शॉट न येऊ देण्याला मोल आहे, एवढं देतो. पण ते मोल ट्रॅपसकट सगळं ब्रोडरच्या खात्यात जमा करणार असाल तर नाही. स्टीव्हन्सने निळ्या रेषेवर आडवे केलेले फॉरवर्डही शॉट न मारताच परत गेले, ते कुणाचे?

सैतानभक्त
स्टीव्हन्स २००४ मध्येच खेळायचा थांबला, नीडरमायर २००५ ला अॅनाहाइमला गेला. त्यानंतर ४८ विजयांचा हंगाम आला, २००६-०७. ट्रॅपेझॉइड होता, ते दोघे नव्हते, ब्रोडर होता. याचं उत्तर द्या, मग हाशेकबद्दल बोलू.

उत्तरध्रुव
देतो. त्या हंगामाला मी थोर म्हणतो, पण ०.९२२ मुळे म्हणतो, ४८ मुळे नाही. आणि ०.९२२ ही हाशेकची अख्ख्या कारकिर्दीची सरासरी आहे.