मदत हवी आहे : रंकाळ्यावर बसते, पण कागदावर काही उतरत नाही

नमस्कार मंडळी. मी जलरंगात चित्रं काढते. गेली काही वर्षं फोटोंवरूनच काढत होते आणि सगळीच निर्जीव वाटायला लागली. म्हणून महिनाभर रोज पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जाते. मोबाईल घरी ठेवून, संध्यामठाच्या बाजूला तासभर नुसती बसते.

फरक पडलाय. पाणी निळं नसतंच, हे आत्ता दिसलं. उजाडायच्या आधी ते राखी असतं, मग क्षणभर गढूळ गुलाबी. टिबुकली (छोटा पाणपक्षी) बुडी मारते तेव्हा वर्तुळं आधी दाट उठतात, मग विरत जातात. हे बघताना जीव भरून येतो. पण घरी येऊन ब्रश उचलला की हात पुन्हा जुन्याच सवयीनं चालतो.

चित्रकार आबालाल रहिमानांनी याच कोल्हापूरच्या परिसराची निसर्गचित्रं केली, म्हणून हे सोडवत नाही.

तुम्ही पाहिलेलं कसं टिपता? तिथंच भरभर रेखाटन, की आधी शब्दांत नोंद? आणि कळंबा तलावाकडं पहाटे एकट्या बाईला निवांत बसता येईल का? तिकडं नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगा.