डिसेंबरात वळवासारखं वादळ? आयोवातून बहिणीचा फोन

खानापूरकर: माझी बहीण अमेरिकेत आयोवात असते. काल म्हणाली सकाळी दाट धुकं नि गारठा, आणि दुपारी एकदम स्वेटर काढून टाकावा इतकं उकडलं, आता वादळाचा इशारा आलाय. आपल्याकडं वळीव येतो तो एप्रिल-मेत, तापून तापून, मग पत्रे उडतात, आंबा झडतो, लाईट जाते. तिकडं बर्फाच्या दिवसात कडकडाट कसा काय ओ? ती म्हणते वॉर्म फ्रंट.

टिळकवाडीचा_ढगवाला: आपला वळीव जागेवरच्या उन्हावर पोसतो, तिकडं ऊब वाऱ्यावर बसून येते. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा उत्तरेला सरकते, पुढं थंड जड हवा ठाण मांडून बसलेली, तिच्यावर ही चढते, दोघींची जमिनीवरची हद्द म्हणजे वॉर्म फ्रंट. (हद्दीचं आपल्या बेळगावकरांना काय सांगायचं म्हणा!) धुकं होतं तेव्हा हद्द बहिणीच्या दक्षिणेला होती, उकडलं म्हणजे ती घरावरून उत्तरेला गेली. हिवाळ्यात ढगाला उष्णता कमीच मिळते पण वरचा वारा जबर, शिवाय हद्दीजवळ जमिनीलगत वारा आग्नेयेकडून आणि वर नैऋत्येकडून, त्यामुळं ढगच गरगरायला लागतो आणि वरचा वारा खाली आपटला की झाडं, छपरं गेलीच. 15 डिसेंबर 2021 ला आयोवा-मिनेसोटात असंच झालं, अमेरिकेत डिसेंबरात नोंदलेला तो पहिला देरेचो, म्हणजे शेकडो किलोमीटर नासधूस करत जाणारी वादळांची रांग. मिनेसोटात डिसेंबरातला पहिला टोर्नेडोपण (ढगातून जमिनीला टेकणारा वाऱ्याचा भोवरा) त्याच दिवशी.

निपाणीचा_पाहुणा: मी तिकडं राहून आलोय. बहिणीला सांगा, वॉच (म्हणजे वादळ होऊ शकतं) आला तर तयारीत राहा, वॉर्निंग (म्हणजे वादळ आलंच) आली की तडक बेसमेंटमध्ये, बेसमेंट नसेल तर खालच्या मजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत. आणि सूर्य बुडाला म्हणून निवांत झोपायचं नाही, फोनचा अलर्ट चालू ठेवायचा. 10 डिसेंबर 2021 ला केंटकीतलं मेफील्ड गाव उद्ध्वस्त झालं ते रात्री नऊनंतर. थंडीतली वादळं पळतातही लई, बाहेर येऊन बघत बसायला वेळच मिळत नाही.

खानापूरकर: लगेच कळवतो. आपल्याकडं असला फ्रंट कधी येतो का?

टिळकवाडीचा_ढगवाला: नाही ओ, बेळगाव पडतंय 16 अंश अक्षांशाच्या आसपास, इतकी वेगळी थंड-गरम हवा इथं समोरासमोर येतच नाही. आपल्याकडं थंडीत अवेळी पाऊस आला तर बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असतो. पत्रे मात्र मार्चच्या आत आवळून घ्या.