शब्दचर्चा : खो देतात की घालतात?

प्रश्न : राजकीय बातम्यांत ‘एका खात्याने दुसऱ्या खात्याला खो दिला’ असं येतं आणि ‘पुलाच्या कामात नगरसेवकांनी खो घातला’ असंही येतं. खो तोच, मग क्रियापद बदललं की अर्थ इतका कसा फिरतो? मधूनच ‘पुलाला खो दिला’ असंही छापलेलं दिसतं. ते चूक म्हणायचं का?

उत्तर १ : चूकच. आधी खो-खोच्या मैदानावर काय होतं ते बघा. आठ गडी मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, एकाआड एक विरुद्ध बाजूंना तोंडं करून बसलेले, नववा पळणाऱ्याच्या मागे. त्याने बसलेल्या गड्याला पाठीमागूनच खो द्यायचा, तोही पळणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बसलेल्याने खो मिळाल्यावरच उठायचं, देणाऱ्याने लगेच त्याच्या चौकोनात बसायचं. आवाज यायच्या आत बूड हललं की पंचांची शिट्टी. म्हणजे ‘देणे’ म्हटलं की देणारा हवा, घेणारा हवा आणि पाठलाग पुढे चालू राहायला हवा. माणसाला खो देता येतो, खात्याला देता येतो. पूल काही उठून पळणार नाही.

‘घालणे’ म्हणजे चालत्या कामात मध्येच आडवं येणं. हा अर्थ मैदानावरून ओढूनताणून काढायला जाऊ नका. खेळात खो मिळाला की काम थांबत नाही, उलट ताज्या दमाचा गडी धावतो. लिहिताना साधी कसोटी लावा : आधीच्या शब्दाला ‘-ला’ असेल आणि तो माणूस किंवा कचेरी असेल तर ‘देणे’. ‘-त’ असेल आणि ते काम असेल तर ‘घालणे’. लग्नात, बोलण्यात, ठरावात खो घालतात.

उत्तर २ : कसोटी पटली. फक्त फायलींच्या खो-खोत एक फरक आहे. मैदानावर देणारा बसतो आणि घेणारा उठतो. कचेरीत देणारा बसतो, घेणारा तर बसलेलाच असतो. उपहास लिहायचा तर या बसण्यावर लिहा. नुसतं ‘खात्यांचा खो-खो रंगला’ हे वाचून आता कुणाच्या ओठाचा कोपराही हलत नाही.

उत्तर ३ : ‘घालणे’च्या घरात आणखी भावंडं आहेत आणि घोटाळा तिथे जास्त होतो. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड, त्यामुळे खोडा घातलेलं काम अडकून पडतं, मोडत नाही. मोडता घालतात तो दुसऱ्याच्या बोलण्यात किंवा बेतात. त्यात हरकत घेणारं तोंड दिसतं. खिळीला माणूस लागत नाही, पैसे संपले तरी विकासाला खीळ बसते. खो मात्र कुणीतरी मुद्दाम घातलेला असतो, आणि तोही ऐन रंगात. विरोधकांनी तीन वर्षं एखादी योजना रखडवली तर तो खोडा. भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी स्थगिती आणली तर तो खो.

प्रश्नकर्ता : मग ‘कामाला खो बसला’?

उत्तर ३ : वापरात आहे, नाही कसं म्हणू? पण खिळीचं क्रियापद खोला चिकटल्यासारखं वाटतं. कुणी घातला ते सांगायचं नसेल तेव्हा बातमीदाराला ते सोयीचं पडतं. मी ते कापतो.

उत्तर ४ : कथा लिहिणाऱ्यांसाठी थोडं. ‘खो कथा’ हा शब्द ‘देणे’वालाच आहे : एकाने भाग लिहायचा, पुढच्याला खो द्यायचा. पाच जण आणि प्रत्येकी तीन-चारशे शब्द एवढं पुरतं. माणसं वाढली की पात्रं वाढतात आणि शेवटच्याच्या गळ्यात दहा जणांचं कुटुंब पडतं. खेळाचे नियम इथेही चालवून बघा. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. गोष्ट घाटात गाडी बंद पडण्यापासून सुरू झाली असेल तर तिसऱ्याने ‘तेवढ्यात जाग आली’ लिहिणं म्हणजे सरळ फाउल. आणि खो अर्ध्या कृतीवर द्या. ‘तिने बोनेट उघडलं आणि’ इथे सोडलंत तर पुढच्याला धावता येतं. ‘ती विचारात पडली’ इथे सोडलंत तर तोही विचारातच पडतो.

सामन्याचं वर्णन असलेल्या कथेत निवेदनात ‘खो घातला’ टाळा. वाचक क्षणभर मैदानावर बघतो आणि अडखळतो. कोटी करायची असेल तर ती पात्राच्या तोंडी द्या.

उत्तर २ : जाता जाता, ‘फिरकी’लाही हीच कसोटी लागते. गोलंदाज फिरकी टाकतो, टवाळखोर फिरकी घेतो, आणि घेतो ती कुणाची तरी : ‘मंत्र्यांची फिरकी घेतली’. ‘मंत्र्यांना फिरकी टाकली’ म्हटलंत तर मंत्री पॅड बांधून उभे दिसतात.

प्रश्नकर्ता : तेही काही वाईट चित्र नाही.