नव्या जागेतील पहिली परसबाग : आपले अनुभव लिहावेत

काल अवजारांची खोली आवरताना, आम्ही या जागेत राहायला आलो त्या वर्षीची वही हाती लागली. पहिल्याच पानावर मी मोठ्या हौसेने आखलेले बारा वाफे आहेत, आणि त्यांतील नऊ वाफ्यांवर त्याच हंगामात मारलेली फुलीही आहे. घर बांधताना जड वाहने फिरल्याने माती इतकी दडपली गेली होती की पहार वीतभरसुद्धा आत जात नसे, आणि पावसानंतर मुळे पाण्यात राहून कुजत. पुढे एका जाणत्या शेजाऱ्यांनी मला फूटभर खोल खड्डा खणायला लावला, तो पाण्याने भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि दुसऱ्या खेपेचे पाणी तासाभरात किती उतरते ते पट्टीने मोजले. अडीच ते पाच सेंटिमीटर उतरले तर निचरा चांगला समजावा. माझ्याकडे ते अर्धा सेंटिमीटरही उतरले नव्हते. हा खड्डा मी लागवडीआधी खणला असता तर नऊ वाफ्यांतील रोपे वाचली असती. आपल्या पहिल्या वर्षाबद्दलही इथे जरूर लिहावे.

*

आमच्याकडे प्रश्न चुन्याचा होता. भिंतीलगतची जागा सोयीची म्हणून टोमॅटो तिथेच लावले आणि महिन्याभरात कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. खत कमी पडते आहे असे समजून मी ते वाढवत गेले, वर लाकडाची राखही घातली. माती तपासून घेतली तेव्हा सामू (मातीची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, pH) ८ च्या वर निघाला, कारण बांधकामाचा राडारोडा तिथेच पुरलेला होता. अशा मातीत लोह असले तरी मुळांना ते उचलता येत नाही, आणि राखेने सामू आणखी वाढतो. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ सामू मानवतो. तो वाफा सोडून मी दहा पावले दूर नव्याने सुरुवात केली.

*

ऊनही पाहावे. आम्ही आखणी केली तेव्हा झाडांची पाने गळलेली होती. पालवी फुटल्यावर निम्म्या वाफ्यांवर सावली आली. फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागते, म्हणून तिथे आता पालेभाज्याच आहेत.

*

बाहेरून आणलेल्या खताबद्दल सावध असावे, हे मी कळकळीने लिहीत आहे. आम्ही आणलेले शेणखत चांगले कुजलेले, काळेभोर होते. तरीही टोमॅटो आणि घेवड्याची नवी पाने वाटीसारखी वळू लागली, शेंडे पिळवटले, आणि त्याच खतावरच्या मक्याला मात्र काहीच झाले नाही. त्या फरकावरूनच उलगडा झाला की गुरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर रुंद पानांच्या तणांसाठीचे तणनाशक फवारलेले होते. अमिनोपायरालिडसारखी काही तणनाशके जनावराच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही टिकून राहतात. मका गवतवर्गीय असल्याने वाचला.

*

हे आधी ओळखावे कसे? माझे खत पुढच्या आठवड्यात येणार आहे.

*

तीन कुंड्यांत खत मिसळलेली माती आणि तीन कुंड्यांत नुसती माती घेऊन घेवडा पेरावा, आणि तीन आठवड्यांनी दोन्हींकडची पाने ताडून पाहावीत. खताच्या कुंड्यांतच पाने वळली, तर ते खत वाफ्यात घालू नये.

*

पाण्याचा हिशेब आम्ही फार उशिरा केला. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी धरले तर दर चौरस मीटरला २५ लिटर लागते. आमचे वाफे ४० चौरस मीटरचे, म्हणजे आठवड्याला १,००० लिटर, आणि ते सगळे पत्नी आणि मी बादल्यांनी वाहत होतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ तेवढेच पाणी मिळते, हे लक्षात आल्यावर टाकी बसवली. पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन घातल्यावर पाणी पुष्कळ कमी लागू लागले. खोडाभोवती मात्र थोडी जागा मोकळी ठेवावी. दुसऱ्या वर्षी १५ चौरस मीटरच राखले, आणि भाजी पहिल्या वर्षीपेक्षा जास्त हाती आली.

*

आमच्या भोपळ्याला फुले भरपूर येत आणि फळ एकही धरत नसे. नव्या जागेभोवती फुलझाडे नव्हती, त्यामुळे मधमाश्या फिरकत नव्हत्या. वडील त्या वर्षी आजारी होते. खुर्चीत बसूनच त्यांनी मला मादी फूल ओळखायला शिकवले, कारण त्याच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. सकाळी लवकर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मी मादी फुलाला लावले. पहिला भोपळा वडिलांनी स्वतः वेलावरून उतरवला.

*

आपल्या वडिलांबद्दल वाचून मन भरून आले. माझ्या वेलावर आठवडाभर नुसती नर फुलेच दिसत आहेत. काळजीचे कारण आहे का?

*

नाही, ताई. भोपळ्याला बहुधा आधी नर फुलेच येतात, मादी फुले मागाहून उमलतात. आणखी काही दिवस वाट पाहावी.