मदत हवी आहे: बी.ए. दुसऱ्या वर्षाला मायनर भूगोल घेऊ की मराठी? आणि संख्याशास्त्र मिळवायचं कसं?

बरडावरची:
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेज आहे, तिथे मी बी.ए.चं पहिलं वर्ष पास झाले. आमची नवीन शैक्षणिक धोरणाची बॅच. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र, भूगोल आणि मराठी वाङ्मय हे तीन विषय होते. आता तिसऱ्या सेमच्या फॉर्मवर यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम) लिहायचा आणि तिसरा सोडायचा. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेचा एक विषय. शनिवारी शेवटची तारीख आहे, आणि घरीदारी जो भेटतो तो वेगळंच सांगतो.

मेजर अर्थशास्त्र पक्कं आहे, त्यावर चर्चा नको. घरच्या शेतीची वही मीच लिहिते: बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी. मागच्या सेमला सरांनी हमीभाव कसा काढतात ते शिकवलं. ए-टू म्हणजे हातातून गेलेला खर्च, एफ-एल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी, आणि सी-टूमध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या पैशाचं व्याजसुद्धा धरतात. सरकारचा दीडपट हिशेब ए-टू अधिक एफ-एलवर असतो, शेतकरी संघटना मागतात सी-टूवर. मी आमच्या वहीवरून तिन्ही आकडे काढले. बाबांना दाखवले तर त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या मायची रोजी कोणत्या भावानं धरली, बाईच्या का माणसाच्या?" मी बाईच्या भावानं धरली होती. पुस्तकात याचं उत्तर सापडलं नाही.

भूगोल का, तर आमची दोन वावरं आहेत. एक नाल्याकाठचं, भारी काळ्या जमिनीचं, दुसरं बरड. खर्च जवळपास सारखाच लागतो, पण बरडावर कापूस निम्म्यावर येतो, आणि पावसाने ओढ दिली की त्याहून कमी. वहीत हे दिसतं, पण कारण वहीत नाही. ते भूगोलाच्या सरांच्या मातीच्या धड्यात मिळालं: मातीची खोली किती, ती ओल किती दिवस धरते, खाली मुरूम कुठे लागतो.

आणि मराठी सोडवत नाही. मार्क सगळ्यात जास्त तिथेच आहेत. मॅडम इतकं छान शिकवतात की सायन्सची मुलंही मागच्या बाकावर येऊन बसतात.

आता अडचणी. भूगोलाचं प्रॅक्टिकल दुपारनंतर असतं आणि आमच्या गावची शेवटची एसटी पावणेपाचला. ती चुकली की फाट्यावर उतरून पायी, आणि ते घरी चालणार नाही. ओपन इलेक्टिव्हचं म्हणाल तर नोटीस बोर्डावरची बास्केट लांबलचक आहे, पण ऑफिसात विचारलं तर चालू होणारे दोनच: वाणिज्य शाखेचा बँकिंगचा आणि विज्ञान शाखेचा औषधी वनस्पतींचा. मला संख्याशास्त्र हवं आहे. त्याला २० नावं झाल्याशिवाय तास लावणार नाही म्हणतात.

मायनर भूगोल घेऊ का मराठी? मायनरला पुढे काही किंमत असते का? आणि संख्याशास्त्र स्वयंवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, केलं तर क्रेडिट धरतात का?

तयारी_चालू:
ताई, जास्त विचार करू नका. पदवी कोणतीही चालते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे, वैकल्पिक विषयाचे २५० मार्कांचे दोन पेपर आहेत आणि यादीत मराठी वाङ्मय आहे. मार्क मराठीत आहेत ना? मग मराठीच. प्रॅक्टिकल नाही, बसची भानगड नाही.

दिग्रसवाला:
भूगोल घ्या. भूगोल असला की भूमी अभिलेखमध्ये मोजणीदाराची जागा निघते तेव्हा फायदा होतो.

नकाशेवाला_नागपूर:
दिग्रसवाले भाऊ, असं सांगू नका. भूकरमापकाच्या भरतीला सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड मागतात. बी.ए. भूगोलवर तो फॉर्मच भरता येत नाही. पोरं तीन वर्षं याच भरवशावर काढतात आणि मग जाहिरात पाहून रडतात.

सीएचबी_मास्तर:
मी अशाच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. आधी नियम, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

राज्याचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३चा आहे, त्यात १३ मार्च २०२४ला सुधारणा झाली. मायनर तुमच्याच शाखेतला वेगळा विषय असू शकतो किंवा दुसऱ्या शाखेतला. म्हणजे अर्थशास्त्रासोबत भूगोल बसतो, मराठीही बसते. ओपन इलेक्टिव्ह मात्र दुसऱ्याच शाखेचं घ्यावं लागतं, तिथे पळवाट नाही. पूर्ण पदवीत मायनरचे १८ ते २० क्रेडिट होतात, ओपन इलेक्टिव्हचे १० ते १२. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. हे एवढ्यासाठी सांगतो की मायनर हा तोंडी लावायचा विषय नाही. पुढची दोन वर्षं तो तुमच्या आठवड्याचा चांगलाच वाटा खाणार आहे. तेव्हा जे स्वतःहून वाचणं अवघड आहे, ज्याला प्रयोगशाळा, नकाशे, शिक्षक लागतात, ते मायनरमध्ये टाका. कथा-कादंबऱ्या तुम्ही एसटीत बसूनही वाचाल. मातीचा नमुना आणि टोपोशीट (चढ-उतार दाखवणारा सविस्तर नकाशा) एसटीत होत नाही.

किंमत किती, हे विचारलंत. गुणपत्रिकेवर मायनर दिसतो. नोकरी देणारा तो वाचेलच असं मी म्हणणार नाही. एम.ए.च्या मुलाखतीला मात्र "अर्थशास्त्रासोबत हा विषय का?" हा प्रश्न येतो आणि तुमच्याकडे वावरांचं उत्तर तयार आहे. बहुतेक मुलांकडे "ऑफिसमध्ये सांगितलं म्हणून" एवढंच असतं.

तयारी_चालू यांना एक. राज्यसेवेचा वैकल्पिक विषय पदवीचाच असावा लागतो असं कुठे आहे? यादीतला कोणताही घेता येतो. त्यासाठी आजच मायनर बांधून घ्यायचं कारण नाही.

आणि थोडं विषयांतर. बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. पण जातीव्यवस्थेच्या उगमावरचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ला वाचला तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान हेही चालू होतं. जयंतीला हे सांगायला आमचे लोक पुढे असतात. एखाद्या मुलीने दोन विभागांचे विषय एकत्र मागितले की मात्र टाईमटेबल आडवं येतं.

तयारी_चालू:
मास्तर, बरोबर आहे, वैकल्पिक कोणताही घेता येतो. पण मार्क कमी पडले तर एम.ए.ला कोण घेणार? सीजीपीएचंही बघा.

सीएचबी_मास्तर:
हे मान्य. बरडावरची, भूगोलात किती आहेत?

बरडावरची:
सर, थिअरीत बरे आहेत, मराठीपेक्षा कमी. प्रॅक्टिकलला चांगले.

आबाजी_वऱ्हाडी:
पोरी, तू त बशीच्या भेवानंच इषय सोडून रायली. बस काई देवानं नाई लावली, आगारानं लावली. आमच्या गावच्या पोरीइनं असंच केलं होतं. कॉलेजातून प्राचार्याच्या सहीचं पत्र, ग्रामपंचायतचा ठराव, अन् पासवाल्या पोरापोरीइची नावं गावासगट लिवून, असे तीन कागद घेऊन आगार व्यवस्थापकाकडे गेले. निस्ता अर्ज दिला त तो फायलीत जाते. नावं दिसली का मंग आयकतेत. बस अर्धा घंटा मांगं सरकली. पण तालुक्यातून तुह्याच रस्त्यावरचे अजून दोन-तीन गावं सोबत घेजो, एका गावासाठी कोनी काई करत नाई.

अन् तुह्या बापानं बराबर इचारलं. मायची रोजी बाईच्या भावानं काऊन?

पुसदची_बंगळुरूत:
मी इथे एका खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात आहे, शिष्यवृत्तीवर. आमच्याकडे सुरुवातीच्या सेमिस्टरला सगळ्यांना थोडं गणित, थोडं लिखाण, थोडं विज्ञान, थोडा इतिहास करावाच लागतो आणि मेजर नंतर ठरतो. सेमिस्टर सुरू झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस कोणत्याही वर्गात बसून बघता येतं. नाही जमलं तर तो कोर्स सोडून दुसरा घ्यायचा. खरा फायदा त्या दिवसांचा आहे. विषयाचं नाव आणि वर्गात प्रत्यक्ष जे चालतं, यात फार अंतर असतं.

तुझ्या कॉलेजात अशी सोय कागदावर नसेल, पण सरांना विचारून दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन-तीन तास बसायला कोण नाही म्हणणार? सीनियर मुलींच्या प्रॅक्टिकलच्या वह्या माग. तिसऱ्या सेमचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाईटवर पीडीएफमध्ये असतो. धड्यांची नावं वाच, आणि त्यातले किती धडे तू परीक्षा नसती तरी वाचले असतेस ते बघ.

आणखी एक, इथे येऊन कळलेलं. सगळ्या शाखांचं थोडं थोडं घेणारी मुलं तिसऱ्या वर्षी अडकतात, कारण कुठल्याच विषयात वरच्या पायरीचा कोर्स करता येईल इतका पाया झालेला नसतो. तुझा प्रश्न वेगळा आहे. तुझ्याकडे एक वही आहे आणि तिला काय काय लागतं ते तुला माहीत आहे. त्या वहीला मराठी वाङ्मय लागत नाही असं मी म्हणणार नाही हं. शेतीवर आकडेवारीचे अहवाल ढीगभर असतात, ते कोणी वाचत नाही कारण धड लिहिलेले नसतात.

नकाशेवाला_नागपूर:
मी जीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती मांडणं) काम करतो, म्हणून भूगोलाच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. एसईसीच्या (कौशल्याच्या कोर्सच्या) यादीत जीआयएस किंवा सुदूर संवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास) असेल तर डोळे मिटून घ्या. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावरही चालतं. इस्रोच्या भुवन पोर्टलवर उपग्रहाची चित्रं बघता येतात. आपल्या नागपुरात तर राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. विदर्भातल्या मुलांना ही नावंच माहीत नसतात.

फील्ड प्रोजेक्टचा विषय आत्तापासून डोक्यात ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी ठिकठिकाणी आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याची पातळी मोजतात. तुमच्या गावात किंवा शेजारी अशी विहीर असेल तर ते आकडे, तुमची वही आणि दोन वावरांचा नकाशा एकत्र मांडा. अर्थशास्त्राच्या सरांना भूगोल वाटेल आणि भूगोलाच्या सरांना अर्थशास्त्र, तेव्हा मार्गदर्शक कोण हे आधी ठरवून घ्या. गंमत नाही, यावरून सह्या अडतात.

सीएचबी_मास्तर:
स्वयंचं राहिलं. यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंवरून घेता येतात. पण कॉलेजने तो कोर्स तुमच्या अमुक पेपरच्या जागी धरतो असं आधी मान्य करायला हवं. व्हिडिओ बघून, असाइनमेंट देऊन नुसतं प्रमाणपत्र आणलं तर ते भिंतीला लावण्यापुरतं. शिवाय परीक्षा घरी बसून होत नाही, केंद्रावर जावं लागतं आणि केंद्र बहुधा जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या गावी. क्रेडिट जमा व्हायला एबीसी खातं (क्रेडिट साठवायचं सरकारी ऑनलाइन खातं) हवं, नावाचं स्पेलिंग आधार आणि गुणपत्रिकेवर एकच असू द्या.

त्याआधी सोपा रस्ता करून बघा. २० नावं फक्त बी.ए.मधून गोळा करत असाल तर होणार नाहीत. बी.कॉम.च्या मुलींनाही ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचंच घ्यावं लागतं. संख्याशास्त्र विज्ञान शाखेकडे असेल तर त्यांना चालतं, आणि त्यांच्या पुढच्या अभ्यासात ते उपयोगी आहे. वाणिज्यच्या वर्गात जा. बी.एस्सी.वाल्यांकडे वेळ घालवू नका, त्यांना तो घेताच येणार नाही.

बरडावरची:
सगळ्यांचे आभार. काल आणि आज बरंच झालं, सांगते.

भूगोलाच्या सरांना भेटले. दोन बॅच असतात, सकाळची बॅच गावातल्या मुलांनी भरलेली. बाहेरगावच्या मुलींना सकाळची द्या असा अर्ज आम्ही पाच जणींनी दिला आणि सरांनी लगेच हो म्हटलं. आजवर कोणी मागितलंच नव्हतं म्हणे. आबाजी, बसच्या अर्जाचं तरीही करतोच आहोत, पावसाळ्यात बस तशीही उशिरा येते तेव्हा धावपळ होते. रस्त्यावरच्या दोन गावांची नावं लिहून झाली.

मायनर भूगोल लिहिलं. मराठीच्या मॅडमना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, वर्गात येऊन बस, हजेरी लावणार नाही एवढंच. त्यांच्या भित्तिपत्रकासाठी मायच्या रोजीवर लिहायला सांगितलं आहे.

संख्याशास्त्राची नावं वाणिज्यच्या मुली धरून १७ झाली. अजून तीन हवीत. आणि एक प्रश्न राहिला: संख्याशास्त्रात गणित किती येतं? माझं गणित दहावीनंतर सुटलं. दोघी-तिघी याच भीतीने नाव देत नाहीयेत.

सीएचबी_मास्तर:
ओपन इलेक्टिव्हच्या पातळीवर सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, आलेख, सहसंबंध, थोडी संभाव्यता. बेरीज, गुणाकार, वर्गमूळ आणि कॅल्क्युलेटर यात भागतं, दहावीचं गणित पुरे. त्या मुलींना तुमची वही दाखवा आणि दोन वावरांची पाच वर्षांची सरासरी काढायला लावा. ते जमलं तर नाव लिहून घ्या. ऑफिस शनिवारी बहुधा दुपारीच बंद होतं, सकाळीच जा.