दोघांनी बनवलेला पीसी गेम कुठे विकायचा? फक्त स्टीम, की एपिक, गॉग, इच सगळीकडे?

मिठागर_ऐरोली

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा मावसभाऊ गेली अडीच वर्षं एक पीसी गेम बनवतोय. मी ऐरोलीला, तो घणसोलीला, दोघांचीही दिवसा नोकरी आणि रात्री दहा ते एक गेम. गेम मिठागराचा आहे. आमचे आजोबा खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते, त्यांच्याकडून लहानपणी जे ऐकलं ते सगळं यात घातलंय. भरतीला उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) उघडायची, पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आत बंद करायची, उशीर झाला की आलेलं पाणी परत खाडीत. मग ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं, आणि मीठ धरायला लागलं की नेमका अवकाळी पाऊस, सगळं विरघळून जातं. खेळायला साधं वाटतं पण सोडवत नाही असं आठ-दहा मित्रांनी सांगितलंय. गोडो इंजिनमध्ये (गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) केलंय त्यामुळे इंजिनला काही द्यायचं नाही.

आता प्रश्न. स्टीम, एपिक, गॉग, इच ही सगळी नेटवरून गेम विकणारी दुकानं. किंमत ३४९ रुपये ठेवायचा विचार आहे, बाहेर दहा डॉलर. भाऊ म्हणतो सरळ एपिकवर टाकू, जून २०२५ पासून ते प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर एक पैसा घेत नाहीत, त्यानंतर १२ टक्के. आणि स्टीम पहिल्या रुपयापासून ३० टक्के कापतं. आम्ही काय दहा लाख डॉलर कमवणार नाही, म्हणजे एपिकवर आमचा सगळा पैसा आमचा. हिशेब बरोबर वाटतो पण माझं मन तयार होत नाहीये, कारण माझ्या ओळखीत गेम विकत घेणारा प्रत्येक जण स्टीमवरच घेतो. मी स्वतःसुद्धा. गॉग आणि इच.आयओ यांचं पण सांगा. आणि अजून एक, पाच-दहा वर्षांनी हे सगळं एकाच दुकानाच्या हातात राहणार असं तुम्हाला वाटतं का? अडीच वर्षं गेलीत हो यात, चुकीच्या दारात नेऊन ठेवायचं नाहीये.

महापे_नाईटशिफ्ट

भाऊ आधी अभिनंदन, अडीच वर्षं नोकरी सांभाळून टिकलात हीच मोठी गोष्ट. मी चार वर्षांपूर्वी एकट्याने एक छोटा गेम काढलाय म्हणून बोलतो.

टक्केवारीचा हिशेब उलटा करून बघा. ३४९ मधले ३० टक्के गेले की हातात साधारण २४४ उरतात (टॅक्स वगैरे बाजूला ठेवू). म्हणजे शून्य टक्केवाल्या दुकानात १०० कॉप्या विकून जे मिळतं तेवढंच स्टीमवर मिळवायला १४३ विकाव्या लागतात. तर प्रश्न कापतात किती हा नाहीच, प्रश्न हा की शंभराच्या जागी एकशे त्रेचाळीस जातील का. माझा गेम स्टीमवर आणि आणखी एका दुकानात एकाच दिवशी लागला, ते दुसरं दुकान खूप कमी कापायचं, नाव घेत नाही. सहा महिन्यांनी बघतो तर तिकडे विक्री दोन आकडीच होती, आणि त्यातले चार-पाच तर माझ्याच कॉलेजचे. इकडे स्टीमवर मी काहीही न करता लोक येत होते, कारण त्यांच्याकडे विशलिस्ट आहे. माणसाने आज तुमचं पान बघितलं, आवडलं, विशलिस्टला टाकलं आणि विसरला, की गेम सुटेल त्या दिवशी त्याला मेल जातो, पुढे तुम्ही २० टक्के किंवा जास्त सूट लावली की परत जातो. दोन वर्षं विसरलेला माणूस दिवाळीच्या सुट्टीत येऊन घेऊन जातो. हे ३० टक्के त्याचे आहेत. महाग आहेत, मला आजही टोचतात, पण फुकट नाही कापत.

आणि मोठ्यांचं बघा ना. ईए ही मोठी गेम कंपनी २०११ ला ओरिजिन काढून आपले नवे मोठे गेम स्वतःच्या दुकानात घेऊन गेली, २०१९ ला स्टीमवर परत आली. बेथेस्डा या दुसऱ्या कंपनीने स्वतःचा लाँचर (ज्यातून गेम घ्यायचा आणि चालू करायचा तो प्रोग्राम) २०२२ ला बंदच केला आणि लोकांनी घेतलेले गेम स्टीमवर हलवून दिले. मेट्रो एक्झोडस हा गेम २०१९ ला ऐनवेळी स्टीमवरून काढून वर्षभर एपिकलाच ठेवला, केवढी बोंबाबोंब झाली, फेब्रुवारी २०२० ला आलाच परत. एवढा पैसा ओतून ह्यांना लोकांची सवय मोडता आली नाही, तुम्ही दोघं कुठे मोडणार.

म्हणून माझं म्हणणं, स्टीमचं पान आजच करा. १०० डॉलर भरायचे, गेमने हजार डॉलरचा धंदा केला की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम सुटत नाही आणि 'लवकरच येत आहे' वालं पान किमान दोन आठवडे आधी लावावंच लागतं, पण दोन आठवडे म्हणजे काहीच नाही, सहा-आठ महिने आधी लावा. डेमो तयार ठेवा आणि नेक्स्ट फेस्टला, म्हणजे स्टीमच्या डेमोंच्या जत्रेला, घाला. वर्षातून तीनदा असतो पण एका गेमला एकदाच घेतात, तेव्हा कच्चा डेमो घेऊन घाईने जाऊ नका, ही चूक मी केलीये.

नौपाड्याचा_खेळिया

मी बनवत वगैरे नाही, फक्त खेळतो आणि विकत घेऊन खेळतो, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून लिहितो.

मागच्या गणपतीत चिपळूणजवळ गावी गेलो होतो, लॅपटॉप घेऊन, भाच्याला दाखवायचा होता एक गेम. पैसे देऊन घेतलेला, पूर्ण डाउनलोड केलेला, एकट्याने खेळायचा गेम, त्यात ऑनलाइन असं काहीच नाही. गावात दोन दिवस लाइट नव्हती, टॉवर बंद, आणि लाँचर उघडला तर म्हणे पुन्हा लॉगिन करा. आता कुठून करू? पोरगं मांडी घालून शेजारी बसलेलं, स्क्रीनवर ती पांढरी चौकट, मी तीनदा पासवर्ड टाकला, तीनदा गोल गोल फिरून परत तिथेच. शेवटी पत्ते काढले. कुठलं दुकान ते जाऊ दे, पण त्या दिवशी मला कळलं की मी गेम घेतलेलाच नाही, खेळायची परवानगी घेतलीये.

आणि हे माझ्यापुरतं नाही. द क्रू नावाचा रेसिंग गेम युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केला, ज्यांनी पैसे मोजून घेतला होता त्यांच्याकडेही तो चालेना. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, २०२५ च्या जुलैत युरोपात त्यांच्या अर्जाला दहा लाखांवर सह्या झाल्या. आता तर स्टीमसुद्धा पैसे भरताना लिहून दाखवतं की तुम्ही लायसन्स घेताय, गेम नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती, स्टीमवर टाका, एपिकवर टाका, पण एक तरी जागा अशी ठेवा जिथून गेमची फाइल उतरवून घेता येईल आणि पेनड्राइव्हवर टाकून गावच्या घरी नेटशिवाय चालेल. गॉग २००८ पासून हेच करतंय, ऑफलाइन इन्स्टॉलर देतात, पण ते निवडून घेतात, सगळ्यांना घेत नाहीत. इचवर तर कोणीही टाकू शकतं आणि दुकानाला किती टक्के द्यायचे ते तुम्हीच ठरवायचं, अगदी शून्यसुद्धा. तुमच्या आजोबांचं मिठागर आहे ते. उद्या कुठल्या कंपनीने सर्व्हर बंद केला म्हणून तेही जाऊ नये.

जुना_कॅफेवाला_ठाणे

ठाणे स्टेशनजवळ माझा सायबर कॅफे होता, बारा मशीन, २००९ ला बंद केला. स्टीम आलं तेव्हा आम्ही शिव्या घातल्या होत्या त्याला. काउंटर स्ट्राइक एवढी वर्षं लॅनवर निवांत चालायचा आणि २००४ ला जुनं नेटवर्क बंद करून स्टीम लावायला सांगितलं, आमच्याकडे एक तर नेट कसलं होतं तेव्हा, एक अपडेट आला की अख्खा दिवस बारा पोरं वाट बघत बसायची. त्याच वर्षी हाफ-लाइफ २ ची डिस्क विकत आणा तरी स्टीम लागणारच. पण एक मान्य करावं लागेल, त्याआधी तुमच्यासारख्या दोघांनी गेम बनवून विकायचा तर रस्ताच नव्हता. डिस्क कोण छापणार, खोकं कोण करणार, दुकानात कोण ठेवणार. लॅमिंग्टन रोडवर गेलं की खऱ्या डिस्कपेक्षा नकली जास्त. २०१५ च्या शेवटी स्टीमने रुपयात किंमत लावली आणि मग नेटबँकिंग, यूपीआय आलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतली पोरं विकत घ्यायला लागली.

पण महापेवाल्या दादांशी माझं थोडं जमत नाही. एपिक डिसेंबर २०१८ मध्ये आलं, आणि त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी स्टीमने आपला कट कमी केला, एक कोटी डॉलरच्या वर २५ टक्के आणि पाच कोटींच्या वर २०. कोणासाठी कमी केला बघा. मोठ्यांसाठी! ते पळून जाऊ नयेत म्हणून. छोट्या माणसाचा तीसचा तीसच राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टने पण २०२१ ला पीसी गेमचा कट १२ वर आणला, तरी स्टीम हललं नाही. इच सोडलं तर मोठ्या दुकानांत छोट्याला शून्य कोणी केलं असेल तर या एपिकने २०२५ ला. ज्याने तुमच्यासाठी काहीतरी केलं त्याच्याकडे पाठ फिरवलीत तर उद्या दुसरं कोण करेल? एकच वाणी असला गावात की तो म्हणेल तो भाव, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय.

अडचण मला पण दिसते. माझ्या मुलाच्या एपिक खात्यात दोनशेच्या वर गेम आहेत, सगळे दर गुरुवारी फुकट मिळालेले, मे २०२० ला जीटीए ५ फुकट दिला तेव्हापासून घेतोय. पैसे देऊन घेतलेला एकही नाही. परवा मी त्याला विचारलं की अरे एक तरी विकत घे की तिथे, तर म्हणाला बाबा, मित्र सगळे स्टीमवर आहेत. तेव्हा तिकडे पण लावा, फक्त तिकडेच लावू नका. आणि सहा महिने फक्त आमच्याकडे ठेवा असली बोली कोणी केली तर आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय हो म्हणू नका.

सीवूड्स_हिशेबनीस

टॅक्सबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. स्टीमचा फॉर्म भरताना टॅक्सची मुलाखत येते, त्यात डब्ल्यू-८बेन (परदेशी माणसाने भरायचा अमेरिकेचा टॅक्स फॉर्म) भरायचा, पॅन नंबर टाकायचा आणि भारत-अमेरिका करार लागू करून घ्यायचा. नाही केलं तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतील, केलं तर १५. ही कपात फक्त अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीवर असते, सगळ्यावर नाही. कापलेल्याचा हिशेब आणि बँकेकडून येणारे परदेशी रकमेचे कागद जपून ठेवा, इथे रिटर्न भरताना लागतात. आणि दोघं मावसभाऊ आहात म्हणून तोंडी ठरवू नका. खातं एकाच्या नावावर असतं, पैसे एकाच्या बँकेत येतात. भागीदारीचा कागद आधी करा. गेम चालला की भांडणं होतात, नाही चालला तर कोणी भांडत नाही.

मिठागर_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला घरी बोलवून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. १४३ वाला हिशेब ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला ठीक आहे, आधी स्टीम. एपिकवर पण त्याच दिवशी लावायचं ठरलंय, कॅफेवाल्या काकांचं पटलं आम्हाला. आणि नौपाडेकर, तुमची फाइल नक्की. आमच्या गेमला नेट लागतच नाही, इचवर साधी झिप ठेवू, जो घेईल त्याची ती कायमची. भागीदारीच्या कागदाचं आईला सांगितलं तर तीच म्हणाली हे आधी करा.

एक शंका राहिली. स्टीमवर जी की (गेम खात्यात घ्यायचा कोड) मिळते ती आपण स्वतःच्या साइटवर विकली तर त्यावर ३० टक्के जात नाहीत असं ऐकलं, खरं का? मग सगळे तसंच का नाही विकत?

महापे_नाईटशिफ्ट

खरं आहे, की फुकट मिळतात आणि बाहेर विकलेल्या कीवर ते काही घेत नाहीत. पण अट अशी की स्टीमच्या गिऱ्हाइकाला बाहेरच्यापेक्षा वाईट भाव मिळता कामा नये, म्हणजे स्वतःच्या साइटवर कायमचं स्वस्त ठेवता येत नाही. आणि तुमच्या साइटवर येणार कोण? तिथे परत तोच प्रश्न. किंमतीच्या याच दबावावरून अमेरिकेत वुल्फायर या छोट्या गेम कंपनीने २०२१ ला वॉल्ववर, म्हणजे स्टीमच्या मालक कंपनीवर, केस केलीये, नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने ती सगळ्या डेव्हलपरांच्या वतीने चालवायला परवानगी दिली. त्यात काय होतं त्यावर तुमच्या दहा वर्षांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर अवलंबून आहे. काकांचा वाण्याचा मुद्दा मी मागे घ्यायला लावत नाही, तो बरोबरच आहे. उलट जुलै २०२५ मध्ये तर दिसलं की वाण्याच्या वर पण कोणी आहे, पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांनी दबाव आणला आणि स्टीम, इच दोघांनीही काही प्रौढांसाठीचे गेम एका फटक्यात काढले किंवा शोधात दिसेनासे केले. विषय वेगळा होता, पण दार किती पटकन बंद होऊ शकतं ते कळलं. म्हणून ती झिप नक्की ठेवा, आणि डेमो खेळणाऱ्यांचे मेल पत्ते त्यांना विचारून घेऊन ठेवा, ती यादी कुठल्याच दुकानाची नसते.

बाकी पानावरचं पहिलं चित्र कुठलं लावताय? लोगो नका लावू. ओहोटी लागलीये आणि उघाडी अजून उघडी आहे, पाणी निघून चाललंय, तो क्षण असेल तर तो लावा.

मिठागर_ऐरोली

आहे तो क्षण. आज रात्री काढतो आणि इथे टाकतो, बघून सांगा.